मूळ म्हणजे कोणता दिवस?

जुनी, उंची मोटार चॅसीपासून पुन्हा उभी करणे हा श्रीमंतांचा षौक मानला जातो, आणि तो तसा आहेही. तथापि त्यात दडलेला प्रश्न केवळ श्रीमंतांचा नाही. मोटार ‘मूळ स्थितीत’ आणायची असे आपण म्हणतो, तेव्हा मूळ म्हणजे तिच्या आयुष्यातला कोणता दिवस?

ठाकुर्लीत बसून हा प्रश्न विचारणे वाटते तितके विचित्र नाही. रेल्वेला वीज पुरवण्यासाठी १९२९ साली सुरू झालेले चोळ्याचे वीजगृह ही या गावाची ओळख होती. पलीकडे कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला प्रीमियर कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. १९९० च्या दशकात तेथे प्यूजो ३०९ ही गाडी तयार होत असे. वीजगृह थंडावले, कारखाना गेला, ‘प्रीमियर मैदान’ एवढे नाव उरले. बॉयलर आणि लेथ यांच्या सोबतीत आयुष्य काढलेल्या इथल्या फिटरला दुरुस्ती म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही: यंत्र चालले पाहिजे. जीर्णोद्धार करणाऱ्याची मागणी मात्र आणखी एक असते. चाललेले यंत्र ‘तेच’ असले पाहिजे. सगळी अडचण या ‘तेच’ शब्दात आहे.

काम कसे चालते ते पाहू. प्रथम बॉडी चॅसीवरून उचलून बाजूला ठेवतात. मग इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगचे पाटे सुटे होतात. उघड्या चॅसीवरचा गंज आणि रंगाचे थर निखळ धातू दिसेपर्यंत काढले जातात आणि तिचे कर्ण मापले जातात. दोन्ही सारखे भरले नाहीत, तर कधीकाळच्या अपघाताने ती वाकली आहे असे समजावे. जुन्या उंची गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी चौकट असे. आपल्या दमट हवेत ती कुजते. म्हणून चौकट नवी, पत्रा नवा, चामडे नवे, रंग तर नवाच. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी केवळ यंत्रासह चॅसी विकत असे. बॉडी गिऱ्हाइकाने बार्कर, हूपर अशा नामांकित कारागिरांकडून करून घ्यायची. हौस बदलली की पुढे त्याच चॅसीवर दुसरी बॉडी चढे. अशा गाडीचा जन्मदिवस कोणता मानायचा?

इंग्लंडमध्ये हा वाद १९९० साली उच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटली गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. तिचा सौदा ठरल्यावर घेणाऱ्याने हरकत घेतली, की हिच्यात त्या विजयी गाडीचे जवळपास काहीच उरलेले नाही. ते बहुतांशी खरेही होते. परंतु न्यायाधीश ऑटन यांनी निर्णय दिला, की हीच ती गाडी. भाग बदलत गेले तरी गाडीचा इतिहास कोठे तुटला नव्हता, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नव्हती. फळ्या बदलत गेलेल्या थिसियसच्या जहाजाचे कोडे प्लुटार्कने नोंदवून ठेवले, त्याचे हे मोटारीच्या भाषेतले उत्तर म्हणावे. मला ते पटते, पण पुरेसे वाटत नाही. भारतात इतिहास तुटला नाही हे दाखवणे सोपे आहे. तो कोणाचा इतिहास, हे ठरवणे कठीण.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा या गाड्या कोणी जगवल्या? मिस्त्रींनी. त्यांनी लेथवर बुश कातले, दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर बसवला, पत्रा ठोकून मडगार्ड घडवले, तर कोठे मूळ इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन टाकले. ते कोणी विद्वान नव्हते, आणि त्यांच्या नावांची नोंदही कोठे सहसा सापडत नाही. आज तीच गाडी चॅसीपर्यंत सोलली जाते, तेव्हा सर्वांत आधी भंगारात जाते ती या माणसांची कारागिरी. संस्थानिकाचा पहिला दिवस परत येतो. मिस्त्रीची चाळीस वर्षे पुसली जातात. आपल्या जुन्या चर्चमधील वेदी सोनेरी ऑइलपेंटने ‘नवी’ केलेली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही हळहळ ठाऊक असेल.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांवरील गाडी मूळ रूपात असावी, तिच्या चॅसीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. हेतू चांगलाच आहे. पण टंचाईच्या काळात गाडी चालती ठेवणाऱ्याचे इमान या अटीपुढे दोष ठरते, आणि फेरफार लपवण्याचा मोह वाढतो. शिवाय ‘मूळ’ या शब्दाला बाजारात किंमत आहे.

ब्रेक कुचकामी असतील तर ते निःसंकोच बदलावेत. माणसाच्या जिवापुढे इतिहासाचे कौतुक नको. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला लोकांसमोर रस्त्यावरून येते, तेव्हा ती सुरक्षित चालली पाहिजे, हे कोण नाकारील? बदलण्यात पाप नाही. बदल लपवून त्याला मूळ म्हणण्यात, आणि त्या नावावर पैसे घेण्यात, असत्य आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरीन येथे स्वीकारलेल्या सनदेत जतन आणि जीर्णोद्धार यांत भेद केला आहे, आणि नव्याने घातलेल्या भागांवर कायमची, सहज ओळखू येणारी खूण असावी असेही म्हटले आहे. या खुणेशेजारी काढलेल्या भागाचीही नोंद असावी, शक्य तेथे तो ठोकणाऱ्या मिस्त्रीच्या नावासह, असे मी म्हणेन. तो भाग फेकून न देता गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. मडगार्ड मोठे असते, ठेवायला जागा लागते, हे खरे. खुणेला मात्र बोटभर जागा पुरते: चॅसीच्या आतल्या अंगाला, जेथे मालकाची नजर कधी जात नाही आणि गाडीखाली उताणा पडलेल्या पुढच्या मिस्त्रीची नेमकी जाते.