पारी आणि सारण

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत द्राक्षमण्यांना गारठा बाधू नये म्हणून शेतकरी पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात आणि त्यांचा धूर दिंडोरीच्या शिवारावर उन्हे वर येईपर्यंत रेंगाळत राहतो, अशा दिवसांत मी थोरल्या बहिणीकडे मुक्कामाला होतो. अक्का माळकरी, तिच्या सुनेला मात्र मासळीची मुभा आहे, आणि या दोन दस्तुरांवरून त्या घरात कधी तंटा झाल्याचे मला स्मरत नाही. त्या रविवारी नाशिकहून कोळंबी आणवून, चिनी रीतीच्या सारणभरल्या पुड्या ओव्हनमध्ये भाजण्याचा बेत सुनेने योजला होता.

कोळंबीचे कवच सोलून, पाठीवर सुरीची उभी चीर देऊन, आतला काळा दोरा ती इतक्या हलक्या हाताने ओढून काढी की तो मध्ये कोठेही तुटत नसे. मग बारीक चिरलेल्या कोळंबीत आले, कांद्याची पात, मिरपूड, मीठ आणि थोडे तिळाचे तेल पडले. कॅन्टनकडे हाच पदार्थ उकडून करतात. त्याची पारी गव्हाच्या चिकाच्या पिठाची असल्याने वाफेवर ती अर्धपारदर्शक होते आणि आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. भाजावयाच्या पुडीला मात्र मैद्यात तुपाचे मोहन घालून करंजीसारखी पारी लाटावी लागते, व ती तांबूस झाली की आत काय आहे याचा मागमूस राहत नाही. सुनेला मुरड साधेना, तेव्हा अक्काने एक रिकामी पारी तळहातावर घेतली, दुमडली आणि चिमटीने कडेवर दोरीसारखी मुरड घालून दाखवली. ती पुडी खाली ठेवताना ती म्हणाली, “अगं, पिठात झाकला म्हणून जीव झाकला जातो का?” स्वरात टोचणी नव्हती. “नाही, आई,” एवढेच सून म्हणाली आणि पुढची पारी तिने उचलली.

हा प्रश्न आपल्या धर्मविचारात फार जुना आहे. शतपथ ब्राह्मणात पुरोडाशाची, म्हणजे यज्ञात अर्पावयाच्या भाजलेल्या पिठाच्या रोटाची, कथा येते. देवांनी आरंभी पुरुषाचे आलभन केले, तेव्हा त्याच्यातला मेध, म्हणजे यज्ञीय सत्त्व, निघून अश्वात शिरला; अश्वातून तो बैलात, बैलातून मेंढ्यात, मेंढ्यातून बोकडात आणि शेवटी पृथ्वीत गेला; देवांनी जमीन खणून त्याचा शोध घेतला, तो भात आणि जव यांच्या रूपाने हाती आला. पुढे तोच ग्रंथ सांगतो की दळलेले पीठ हे लोम, त्यात ओतलेले पाणी ही त्वचा, मळलेला गोळा हे मांस, भाजून आलेला कठीणपणा हे अस्थी आणि वर घातलेले तूप ही मज्जा. या कथेचा दाखला बहुधा हिंसा मागे पडून अहिंसा पुढे आली असे सांगण्यासाठी दिला जातो. मला ती तशी वाटत नाही. पीठ निष्पाप आहे असा निर्वाळा ती कोठेच देत नाही. पुरुषात जे होते तेच भातात आहे, एवढीच जबाबदारीची जाणीव ती करून देते.

चिनी लोकांतही अशी एक आख्यायिका आहे. तिसऱ्या शतकातील सेनापती झूगे लिआंग दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना खवळलेली नदी नरमुंडांचा बळी मागू लागली, तेव्हा त्याने कणकेच्या गोळ्यांत मांस भरून त्यांना मुंडक्यांचा आकार दिला आणि ते नदीला अर्पण केले. ‘मांतौ’ या कणकेच्या पदार्थाची उत्पत्ती लोक तेथून सांगतात. माणसे वाचली हे खरे, पण सारणात गेलेल्या जनावरांचा हिशेब कथेत कोणी मांडलेला नाही.

जैनांनी मात्र तो काटेकोरपणे मांडला. सोमदेवसूरीच्या 959 सालच्या ‘यशस्तिलक’ ग्रंथात यशोधर राजा आईच्या आग्रहावरून जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा देवीला बळी देतो, आणि तेवढ्यासाठी त्या मायलेकांना पशुपक्ष्यांच्या योनींतून फिरावे लागते; कारण सुरी पिठावर चालली तरी मनात कोंबडाच होता. हा न्याय कठोर आहे, पण त्याची तर्कशुद्धता नाकारता येत नाही. नवरात्रात आपल्या घरोघरी कोहळा फोडतात तेव्हा हाच प्रश्न तेथे हजर असतो. वणीच्या वर, सप्तशृंगी गडावर, दसऱ्याचा बोकडबळी काही वर्षे प्रशासनाच्या हुकमाने बंद राहिला आणि 2022 साली उच्च न्यायालयाने अटींसह त्यास परवानगी दिली. त्यावरचे वादविवाद मी ऐकले आहेत. त्यांत दोन्ही बाजूंना आपापल्या निर्दोषपणाची जी खात्री वाटत होती, तिचेच मला भय वाटले.

आहाराच्या शुद्धीने अंतःकरण शुद्ध होते असे छांदोग्य उपनिषद म्हणते. त्यावर शंकराचार्य ‘आहार’ शब्दाचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषय असा करतात, तर रामानुजाचार्य त्याने प्रत्यक्ष अन्नच समजतात आणि त्याच्या जातीचा, आश्रयाचा व निमित्ताचा असे तीन दोष पाहावयास सांगतात. पूर्वी मला पहिला अर्थ उदात्त आणि दुसरा संकुचित वाटे. आता तसे वाटत नाही. मन शुद्ध ठेवले की पानात काय आहे याने बिघडत नाही, अशी सवलत माणूस स्वतःला फार लवकर देतो. तेव्हा पानाकडे बोट दाखवणारा आचार्यही हवा. मात्र तेथेच थांबून दुसऱ्याच्या पानाची झडती घेत बसणे, हेही त्या उपनिषदाला अभिप्रेत नसावे. खाणाऱ्याने आपल्या पारीच्या आत काय आहे ते जाणावे, त्याची कबुली द्यावी आणि मग खावे किंवा सोडावे. माझ्या मते धर्माचा अंश त्या कबुलीत आहे, पारीत नाही.

ओव्हन उघडला तेव्हा तुपाचा खमंग वास आणि त्यामागून समुद्राचा वास स्वयंपाकघरात पसरला. सुनेने अक्कासाठी कोबी आणि गाजराचे सारण वेगळे केले होते, पण पहिल्या घाण्याच्या पत्र्यावर तिने त्या पुड्या ठेवल्या नाहीत. तो पत्रा तिने बाजूला ठेवला, माळ्यावरून नानकटाईचा जुना पत्रा काढून राखेने घासला आणि ओव्हन आतून पुसून घेतला. अक्का पाटावर बसून राहिलेल्या पाऱ्यांना मुरड घालत होती.