काचेपलीकडचा आकडा

मोटारींच्या हेड-अप डिस्प्लेसाठी आरसे आखणं हे माझं काम. डॅशबोर्डच्या पोटातला छोटा पडदा, वक्र आरसा आणि पुढची काच मिळून वेगाचा आकडा डोळ्यांपासून दोन-अडीच मीटरवर, बॉनेटच्या टोकाशी तरंगता ठेवतात. तिथे कागद धरा, काही उमटणार नाही. किरण तिथे गेलेलेच नसतात. तरी डोळा नजर तिथेच जुळवतो आणि रस्ता सोडून काट्याकडे पाहावं लागत नाही. ताशी 80 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. त्या सेकंदासाठी ही सारी खटपट.

मग तो आकडा खरा की मिथ्या? वसईजवळच्या निर्मळला शंकराचार्यांच्या समाधी मंदिरात बसलो की हा प्रश्न मला हमखास गाठतो. अद्वैतातला हा जुनाच वाद आहे. प्रकाशात्मयतींच्या विवरणात प्रतिबिंब म्हणजे बिंबच. ते आरशात आहे, एवढंच खोटं. विद्यारण्यांची पंचदशी त्याला आभास म्हणते, म्हणजे मिथ्या.

माझा ओढा विवरणाकडे. काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून परावर्तन होतं, आकडा दुहेरी दिसतो. म्हणून काचेच्या दोन थरांमधली पीव्हीबी या प्लास्टिकची फिल्म किंचित पाचरीसारखी करतात. दुसरी प्रतिमा त्याने नाहीशी होत नाही, पहिलीवर जाऊन बसते. चालकाचं डोकं ठरल्या उंचीवरून फार हललं की दोन्ही पुन्हा सुट्या. पण दोन दिसल्या तेव्हाही वेग एकच होता. याचा मला फार आधार वाटतो.

नव्या डिस्प्लेत मात्र तो आधार पुरत नाही. त्यात बाण थेट रस्त्यावर टेकलेला दाखवायचा असतो: वसई फाट्याला इथे वळा. आकड्याची जागा ही सोय होती. बाणाची जागा हाच त्याचा अर्थ. खड्ड्यातून निघताना गाडीचं नाक एका अंशाने वर झालं, तर 30 मीटरवर टेकवलेला बाण 50 मीटरच्याही पुढे जाऊन पडतो. तिथे 'फक्त जागा खोटी' म्हणून सुटका नाही. जागा चुकली की बाण सगळाच खोटा, आणि इथे मला विद्यारण्यांचं ऐकावं लागतं.

म्हणून माझा आग्रह असतो: हेलकाव्यात बाण जागेवर धरता येत नसेल तर तो विझवा, नुसता आकडा राहू द्या. विक्रीवाल्यांना हे रुचत नाही. बाण दाखवूनच तर गाडी विकायची असते. पण प्रतिमा चालकाच्या डोळ्यांभोवतीच्या वीतभर चौकटीतूनच दिसते. शेजारी बसलेल्या बायकोला तो बाण दिसतच नाही, मग 'अहो, चुकतंय' असं ती सांगणार तरी कशी?