दया आणि दप्तर

दया अंतःकरणांत वसते आणि नोंद दप्तरांत, असा आपला सर्वसाधारण समज आहे. भुकेल्याला अन्न देणारा हात आपणांस वंदनीय वाटतो; त्याच मंडपाच्या कोपऱ्यांत वही उघडून नांवें लिहीत बसलेला मनुष्य मात्र रुक्ष, किंबहुना कांहींसा निर्दय वाटतो. परोपकाराला हिशेब कसला, असें आपण म्हणतों. हा समज कितपत खरा आहे, याचा थोडा विचार करूं.

1914 सालीं पहिलें महायुद्ध सुरू होतांच आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीनें जिनीव्हा येथें युद्धकैद्यांच्या चौकशीची एक कचेरी उघडली. काम दिसावयास क्षुल्लक होतें. लढणाऱ्या राष्ट्रांकडून कैद्यांच्या याद्या येत. घरच्या माणसांकडून चौकशीचीं पत्रें येत. दोहोंतील प्रत्येक नांव एकेका चिठ्ठीवर उतरून त्या सर्व चिठ्ठ्या अनुक्रमानें लावीत. यादीवरून केलेली चिठ्ठी आणि आईच्या पत्रावरून केलेली चिठ्ठी एकमेकींशेजारीं आल्या, म्हणजे उत्तर सांपडलें! अशा सुमारें 70 लक्ष चिठ्ठ्या तेथें जमल्या. रोमाँ रोलाँसारखा थोर साहित्यिकहि तेथें स्वयंसेवक म्हणून राबला. त्या ठिकाणीं चिठ्ठी भलत्याच खणांत पडणें ही केवळ कारकुनी चूक नव्हती. एका आईचें पत्र निरुत्तर राहणें होतें. तेव्हां सुव्यवस्था हेंहि करुणेचेंच एक रूप आहे, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

पण प्रश्न येथें संपत नाहीं. जी वही हरवलेल्यास शोधते, तीच लपलेल्यासहि शोधूं शकते. हॉलंड जर्मनांच्या ताब्यांत असतां तेथील अत्यंत पद्धतशीर लोकनोंदणीच यहुदी कुटुंबें हुडकण्यास उपयोगी पडली. 27 मार्च 1943 रोजीं कांहीं देशभक्तांनीं ॲमस्टरडॅमचें नोंदणी-कार्यालय पेटविलें. पुढें त्यांतील बारा जणांना गोळ्या घालण्यांत आल्या. दप्तर जाळणें हेंच तेव्हां सत्कर्म ठरलें! आणि जानेवारी 2022 मध्यें खुद्द रेडक्रॉस समितीलाच जाहीर करावें लागलें कीं, तिची माहिती ठेवलेल्या संगणकांत कोणी चोरून शिरकाव केला असून, ताटातूट झालेल्यांसह 5 लक्ष 15 हजारांहून अधिक माणसांची माहिती उघडी पडली आहे.

मग नोंद ठेवूंच नये काय? तसें केल्यास त्या आईला उत्तर कोण देणार? बरें, काम संपतांच सर्व कागद नष्ट करावे म्हणावें, तर 1914 च्या त्या चिठ्ठ्या आजहि पणतवंडांना त्यांच्या पणजोबांची वार्ता सांगत आहेत. 2007 सालीं तर युनेस्कोनें त्यांना जगाच्या स्मृतिठेव्यांत स्थान दिलें.

कोणी म्हणेल, ज्याची माहिती त्याची संमति घ्यावी, म्हणजे झालें. परंतु अन्नासाठीं रांगेंत उभा असलेला मनुष्य कशास नाहीं म्हणेल? भुकेल्याचा होकार हा पुरता होकार नव्हे. म्हणून विवेकाचा सारा भार घेणाऱ्यावर नसून देणाऱ्यावर पडतो. साह्यास अवश्य तेवढेंच विचारावें, विचारलेलें अचूक लिहावें आणि लिहिलेलें परक्याच्या ठेवीसारखें जपावें. ज्याचें नांव आपण लिहीत आहों, तो संकटांतून सुटून निर्भयपणें आपल्या पाठीशीं उभा राहून ती वही वाचूं लागला, तर त्यास काय वाटेल? लेखणी उचलण्यापूर्वीं परोपकारी माणसानें एवढें स्वतःस विचारावें.