दोन वर्षांची मजुरी आणि एक प्रमाणपत्र

प्रवेशाच्या दिवसांत आयटीआयच्या खिडकीसमोर उभा असलेला बाप एकच प्रश्न विचारतो, "सर, दोन वर्षांनी पोराला किती मिळतील?" जोडारी, म्हणजे फिटर, या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून मी हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकला. मी अंदाजाने एक आकडा सांगायचो आणि बाप तो मनातल्या मनात फीशी ताडून बघायचा. अभियांत्रिकीच्या फीपुढे सरकारी आयटीआयची फी किरकोळच, त्यामुळे सौदा स्वस्त वाटायचा. आज वाटते, आम्हा दोघांचाही हिशेब चुकत होता.

फी हा या शिक्षणातला सर्वांत लहान खर्च. मोठा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षे वर्कशॉपमध्ये कानस चालवतो, तेव्हा घरात त्याची मजुरी यायची थांबलेली असते. रोजगार हमीचा दर माप म्हणून घेऊ. 2024-25 साली महाराष्ट्रात तो रोजचा 297 रुपये होता. रोजगार हमीवर वर्षभर काम मिळत नाही हे खरे, पण अंगमेहनतीला सरकारने काय मोल लावले ते त्यातून कळते. महिन्याचे 26 दिवस धरले तर 7,722 रुपये होतात, दोन वर्षांचे 1,85,328. एसटीचा पास, खोलीभाडे, डबा, ड्रॉइंगचे साहित्य हे सगळे वेगळेच. कोरडवाहू शेतीवरच्या घराने एवढी रक्कम रोख मोजली असती तर गावभर चर्चा झाली असती. ती मजुरीच्या रूपाने जाते, म्हणून दिसत नाही.

प्रमाणपत्र हाती आले की शिकाऊ उमेदवारीचे वर्ष येते, आणि माझा खरा राग या वर्षावर आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 चा. त्याच्या 2019 च्या सुधारित नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा 7,000 रुपये ठरवले. वरचा आकडा पुन्हा पाहा. 2024-25 मध्ये मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणाऱ्या मुलाची कायदेशीर किमान रक्कम खडी उचलणाऱ्याच्या महिनाभराच्या मजुरीपेक्षा 722 रुपयांनी कमी होती. खडी उचलणाऱ्याला जास्त मिळते असे मी म्हणत नाही, त्यालाही कमीच मिळते. पण दोन वर्षे शिकून पायरी खाली उतरावी लागणे हा अन्याय आहे. कायदा शिकाऊ उमेदवाराला कामगार मानत नाही आणि मुदत संपल्यावर त्याला कामावर घेण्याचे सरसकट बंधनही मालकावर घालत नाही. जुनी तुकडी गेली की नवी उभी करायची आणि कायम कामगाराचे काम तिच्याकडून करून घ्यायचे, ही वाट त्यामुळे मोकळी राहते. माझे कितीतरी विद्यार्थी या वाटेने एका गेटवरून दुसऱ्या गेटवर फिरले.

शिकाऊ वर्षातली तूट मिळवली की घराची गुंतवणूक 1 लाख 94 हजारांच्या आसपास जाते. आता परतफेड पाहू. प्रमाणपत्रामुळे हेल्परपेक्षा महिन्याला तीन हजार जास्त मिळाले, तर रक्कम फिटायला जवळजवळ साडेपाच वर्षे लागतात. सहा हजार जास्त मिळाले, तर पावणेतीन वर्षे पुरतात. म्हणून पहिल्या पगाराचा आकडा फारसे काही सांगत नाही. पाचव्या वर्षी पोरगा कुठे असेल, ते विचारायला हवे.

पाचव्या वर्षाचा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. ड्रॉइंग वाचता येणारा, बेअरिंग का गेले ते सांगू शकणारा फिटर देखभाल विभागात टिकतो. त्याच्याशिवाय लाइन सुरू होत नाही, म्हणून त्याचा पगार वाढतो. त्याच बाकावर बसलेला, पण लेथ बंद म्हणून फळ्यावरच लेथ शिकलेला मुलगा पाच वर्षांनीही पॅकिंगलाच असतो. दोघांच्या हातात प्रमाणपत्र तेच.

प्रमाणपत्राची दुसरी किंमत त्याने उघडलेल्या दारांत आहे. ती पहिल्या पगारात दिसत नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी सर्वांत खालच्या स्तरावरच्या भरतीत 20 टक्के जागा आहेत. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्री प्रमाणपत्र लागते, पण सोबत बारावीही लागते. दहावीनंतर थेट आयटीआयला आलेली मुले तिथेच अडतात. त्यांना बारावीची समकक्षता मिळवायची सोय आहे, ती प्रवेशाच्या दिवशीच सांगितली पाहिजे. मी स्वतः ती सगळ्यांना सांगितली नाही, याचे मला वाईट वाटते.

एवढे सगळे मोजूनही माझे मत आयटीआयच्याच बाजूने आहे. भारत सरकारने 1950 मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हापासून आमच्यासारख्या गावांतल्या घरांत कायम पगार पहिल्यांदा आला तो अनेकदा याच कागदामुळे. म्हणूनच त्याचे मोल घसरू देता कामा नये. विद्यावेतन अकुशल मजुरीच्या वर नेणे सरकारच्या हातात आहे, त्यासाठी नवी योजना लागत नाही. शिल्पनिदेशकांच्या रिकाम्या जागा भरणेही त्याच्याच हातात आहे.

आणि पालकांनो, ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झालेला तुमचा मुलगा किंवा मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली असेल. या तीन महिन्यांत प्रत्यक्ष मशीनवर किती तास उभे राहिलात, एवढे त्यांना विचारा. उत्तर बोटांवर मोजण्याइतके असेल, तर सुट्टी संपताच संस्थेत जाऊन प्राचार्यांना भेटा.