एक शब्द बोलत नाही

पुतणीच्या बाळंतपणाला चौदा दिवस झाले होते. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव, दिवस ऊसतोडीचे. माजघराशेजारच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतलेली, बाजेखाली शेगडी आणि तिच्यातल्या ओव्या-बाळंतशेपांचा धूर. मी बाळ बघायला गेले त्याच वेळी गावातल्या आशा कार्यकर्ती, आमच्या आशाताई, आल्या. त्यांनी हात धुतले, बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन घेतलं, थर्मामीटर काखेत धरला. मग बाळाच्या पोटावर नजर लावून, घड्याळ हातात धरून, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजले. त्या मिनिटात खोलीत कुणी हललं नाही. एका जिवाकडे इतकं मन लावून बघणारं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी फॉर्म काढला. आईला ताप आहे का, अंगावरून जातं त्याला वास येतो का, दूध पुरतं का. त्यातच एक प्रश्न होता, आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का. आशाताईंनी तो आमच्याकडच्या बोलीत विचारला, "वातात बोलत न्हाई न्हवं?" उत्तर दिलं पुतणीच्या आईनं, म्हणजे वहिनींनी. "न्हाई बाई. एक शबुद बोलत न्हाई. लई गुणाची हाय." आशाताईंनी 'नाही'वर खूण केली. पुतणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मीही हसून मान डोलावली.

ती खूण पुढे बरेच दिवस माझ्या मनातून जाईना. उत्तर खरं होतं, खूणही चुकीची नव्हती. तरी त्या खोलीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या कागदावर उतरली नाही. जे लक्षण म्हणून दिसायला हवं होतं, ते आम्हा सगळ्यांना गुण म्हणून दिसलं.

फॉर्ममधल्या त्या प्रश्नाला कारण आहे. हजार बाळंतिणींमागे एखाद-दुसरीला अतिशय तीव्र मानसिक आजार होतो, बहुधा पहिल्या पंधरवड्यातच आणि झपाट्यानं. झोप उडते, भलतंच दिसू-ऐकू येतं, बाळाविषयी विपरीत समजुती मनात बसतात. ती तातडीची वेळ असते, आणि 'वातात बोलते' हे शब्द तिथे अगदी नेमके लागू पडतात. दुसऱ्या टोकाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू. ते निम्म्याहून अधिक जणींना येतं आणि दोन आठवड्यांत आपसूक ओसरतं. या दोहोंच्या मध्ये प्रसूतीनंतरचं नैराश्य पसरलेलं असतं. ते आरडाओरडा करत नाही. बाई उठते, बाळाला पाजते, विचारलं तर "बरी आहे" म्हणते. भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या २०,०४३ मातांची माहिती एकत्र करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक लेख आला. त्यात या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक. आळीत एका वर्षात पाच बारशी झाली असतील, तर त्यातल्या एका पाळण्याशेजारी हे दुखणं मुकाट बसलेलं असण्याचा संभव आहे.

आपल्या परंपरेनं बाळंतिणीला वाऱ्यावर सोडलं असं मात्र कुणी म्हणू नये. आयुर्वेदानं सूतिकेचा काळ साधारण दीड महिन्याचा मानला, आणि काश्यपसंहितेनं तिच्या आजारांचा वेगळा विचार केला. आपल्या घरांत तो काळ सव्वा महिन्याचा झाला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून अंग चोळणं, शेक, धुरी, डोक्याला बांधलेला रुमाल, आणि मुख्य म्हणजे माहेर. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असं म्हणणाऱ्या समाजाला तिच्या देहावर आलेल्या संकटाची पुरती जाणीव होती. पण ही सगळी माया खाण्यातून, शेकण्यातून, चोळण्यातून व्यक्त व्हायची. मनाची विचारपूस करण्याची रीत तिच्यात नव्हती. शिवाय त्या खोलीत आनंद जणू सक्तीचा असतो. बाळ गोजिरं आहे, दूध उतरलंय, सगळे हौसेनं येताहेत, मग हिला काय झालं? उत्तर सापडलं नाही की नजर लागली, बाहेरचं झालं, असं म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात. त्यातही काळजी असतेच. फक्त ती काळजी जिची, तिला कुणी काही विचारत नाही.

विचारण्याची रीत घडवावी लागते. जगभर वापरली जाणारी प्रश्नावली एडिंबराच्या नावानं ओळखली जाते. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. प्रश्न फक्त दहा. गेल्या सात दिवसांत हसू येत होतं का, उगाच स्वतःला दोष दिला का, कारण नसताना जीव घाबरला का, झोप लागत नाही इतकं वाईट वाटलं का, असे. कॉक्स यांनी त्याआधी युगांडात गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला होता, आणि तिथल्या लोकांकडेही बाळंतपणातल्या वेडाला स्वतःचं नाव होतं, 'अमाकिरो'. दुखणं सगळीकडचं, नावं ज्याच्या त्याच्या घरची. मला त्या प्रश्नावलीची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की ती घरोघर जाणाऱ्या आरोग्य परिचारिकांच्या हातात पडावी म्हणून रचली गेली.

दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, होल्डन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग मांडला. आरोग्य परिचारिकांना समुपदेशनाचं थोडक्यात प्रशिक्षण दिलं, आणि नैराश्य असलेल्या मातांकडे त्यांनी आठवड्यातून एकदा, निदान अर्धा तास, आठ आठवडे जायचं ठरलं. जाऊन ऐकायचं. तीन महिन्यांनी अशा २६ जणींपैकी १८ पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. जिथं ही भेट नव्हती तिथं २४ पैकी ९. आकडे लहान आहेत, पण त्यांचं म्हणणं लहान नाही. ऐकणं हे शिकवता येणारं काम आहे, आणि नीट शिकून केलं तर त्यानं माणूस बरं होतं.

आपल्या शेजारचाच दाखला घ्यायचा तर घाट उतरून गोव्यात जावं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे २७० मातांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींची मनःस्थिती गरोदरपणातच ढासळलेली होती. सहा महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक जणी आजारीच होत्या. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेलं नातं होतं, आणि मुलगी झाली हेही होतं. हे शेवटचं कारण वाचून कोल्हापूरच्या माणसाची मान खाली जाते. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले. गर्भातल्या मुलीसाठी तो पहारा होता, आणि तो हवाच होता. पण ती मुलगी जन्मल्यावर घरात पसरलेल्या शांततेत तिच्या आईचं काय होतं, ते टिपणारं यंत्र नाही. तिथं माणूसच लागतं, आणि शिकलेलं माणूस लागतं.

हे शिक्षण आज कोण देतं? एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेत मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. तो विषय मेडिसिनच्या पोटात. मूल बाहेर काढण्याचं कौशल्य रात्रंदिवस घोटून घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं, पण टाके काढायला आलेल्या बाईला "तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?" हे विचारून उत्तरासाठी थांबणं कुठल्या वॉर्डात शिकवायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी दवाखान्यातल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण देणं शासनावर सोपवलं. आजारी आईपासून तीन वर्षांखालचं मूल शक्यतो वेगळं करू नये, असंही त्यानं सांगितलं. कायदा योग्य आहे. पण डॉक्टरांपर्यंत ही बाई पोहोचतच नाही. तिच्या उंबऱ्यावर पाय पडतो तो आशाताईचा. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

या भेटींची मुळं गडचिरोलीत आहेत. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईनं नवजात बाळाचे श्वास मोजावेत, जंतुसंसर्ग ओळखावा, हे एकेकाळी वैद्यकाला धाडस वाटत होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूनं ३९ गावांत ते करून दाखवलं, आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. त्याआधी राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं होतं, तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. इतकं दुखणं इतकी वर्षं गावात होतं, आणि ते कुणी विचारल्यावरच वर आलं. ज्या महाराष्ट्रानं ओटीपोटातलं मुकं दुखणं असं बोलतं केलं, त्याला मनातलं दुखणं बोलतं करणं जमणार नाही, असं मला वाटत नाही.

मग या प्रशिक्षणात काय असावं? पहिली गोष्ट, एकांत. प्रश्न बाळंतिणीला विचारायचा आणि उत्तर तिच्याच तोंडून घ्यायचं. दुसरी, भाषा. 'नैराश्य' हा शब्द तिच्या ओठांवर येणार नाही. ती म्हणेल, करमत नाही, कशात जीव लागत नाही, काळजात धडधडतं, अंगात त्राण नाही, बाळ झोपलं तरी डोळा लागत नाही. हे शब्द कानावर पडताच ओळखू आले पाहिजेत. तिसरी, धीर. त्या दहा प्रश्नांतला शेवटचा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल आहे, आणि तो विचारायला शिकलेल्यांचीही जीभ अडखळते. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरवला जातो ही भीती खोटी आहे. विचारल्यानं बाईला एकटेपणातून बाहेर यायला वाट मिळते. चौथी, पुढची पायरी. अंगात रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का हे पाहायचं. रात्री बाळ कुणीतरी घेऊन हिला सलग झोप मिळेल, ही सोय घरच्यांना सांगायची. आणि गरज असेल तिथं मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधं आहेत, हे घरात ठामपणे सांगता आलं पाहिजे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाणीचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवता येतो. पुढची वाट ठाऊक नसताना नुसतं विचारायला शिकवणं म्हणजे जखम उघडून निघून जाणं.

या सगळ्याचा भार पुन्हा आशाताईच्याच खांद्यावर टाकून मोकळं होणं हा मात्र अन्याय होईल. तिच्या पिशवीत आधीच रजिस्टरं थोडी नाहीत. नवा रकाना वाढवायचा तर त्यासाठी वेळ, मोबदला, आणि तिचंही ऐकून घेणारं कुणी द्यावं लागेल. गोव्यात २८० गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत गावातल्याच साध्या बायकांना 'सखी' म्हणून तयार केलं होतं, आणि त्यांच्यावर सतत देखरेख आणि मार्गदर्शन होतं. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी सखी असलेल्यांपैकी ७३ टक्के बऱ्या होत्या, नसलेल्यांपैकी ६०. फरक डोळे दिपवणारा नाही. पण तो शंभरातल्या तेरा आयांचा फरक आहे, आणि त्यामागे तेरा बाळं आहेत.

कोल्हापूरला हे सुचायला उशीर होऊ नये. शाहू महाराजांच्या काळात या संस्थानानं कृष्णाबाई केळवकरांना शिष्यवृत्ती देऊन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पाठवलं, आणि त्यांनी पुढे इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांवर उपचार केले. तेच आजचं सीपीआर रुग्णालय. बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, म्हणून ऐकणारी बाई शिकवून तयार करायची, ही समज या गावाला शंभर वर्षांपूर्वी होती. आज सीपीआरला जोडून शाहू महाराजांच्याच नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून प्रशिक्षणाची एक साखळी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत नेणं हे त्याच कामाचं पुढचं पाऊल ठरेल. आणि ती साखळी बेचाळिसाव्या दिवशी तुटू नये. मातामृत्यूची गणती त्या दिवशी संपते, भेटीही संपतात, सव्वा महिनाही सरलेला असतो. मन मात्र पंचांग बघून आजारी पडत नाही.

एकविसाव्या दिवशी आशाताई पुन्हा आल्या. त्या भेटीची हकिगत मला नंतर कळली. त्यांनी श्वास मोजले, वजन घेतलं, आणि वहिनींना म्हणाल्या, "काकू, घोटभर चहा मिळंल काय?" वहिनी चुलीकडे गेल्या. आशाताई बाजेच्या कडेवर बसल्या आणि काही न बोलता बसून राहिल्या. बाळाच्या श्वासाला दिलं तेवढंच, मिनिटभर असेल. मग म्हणाल्या, "बाळाचं झालं. आता तुझं सांग." पुतणी बऱ्याच वेळानं बोलली. "रात्री त्यो रडला की मला वाटतं, ह्यो कुणाचा तरी दुसऱ्याचाच हाय. आन मी वाईट आई हाय." एवढंच. आशाताईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणानं शिकवलं होतं. प्रशिक्षणाची गरज म्हणतात ती हीच. असं शहाणपण स्वतः भोगल्यावरच यावं, अशी पाळी पुढच्या आशाताईवर येऊ नये.

उपचार झाले. औषध काही महिने चाललं. चुलतभाऊ आणि जावई रात्री आळीपाळीनं बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरू लागले.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मी परत गेले. स्वयंपाकघरातून मोठमोठ्यानं आवाज येत होते. खिरीत साखर किती घालायची यावरून मायलेकींचं जुंपलं होतं. वहिनी पदरानं कपाळ पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंसा न्हवं? लई बोलती आता." या वेळी आम्ही दोघी जे हसलो, त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता.