पित्याचें स्मरण कसें करावें?

आमच्या खेड्यापाड्यांतील बंधूंस शेजारी पुष्कळदा विचारतात, "तुम्ही श्राद्ध करीत नाहीं, पिंड देत नाहीं, मग बापाला विसरलांत काय?" प्रश्न टोमण्याचा असो वा जिव्हाळ्याचा, त्याला उत्तर दिलें पाहिजे.

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, रडणें हें अविश्वासाचें चिन्ह नव्हे. लाजराला आपण उठविणार हें ठाऊक असतांही प्रभु येशू बेथानीस रडला. तेव्हां वडिलांची काठी किंवा त्यांचें झिजलेलें शास्त्र पाहून कोणाचे डोळे भरून आले, तर उपदेशकानें त्याला दटावूं नये.

पिंड आम्ही देत नाहीं, कारण पिता भुकेला नाहीं. तो देवाच्या हातीं आहे. आणि ज्यांचे वडील सुवार्ता न ऐकतां गेले, त्यांनीं स्वतः न्यायासनावर बसूं नये. न्याय करणारा आपल्यापेक्षां अधिक दयाळू आहे. बापाला त्याच्या हातीं सोंपवून स्वस्थ व्हावें.

मग मुलानें करावयाचें तें काय? ६ डिसेंबरच्या सुमारास मुंबईस दादरच्या शिवाजी पार्कांत जाऊन पाहावें. डॉ. भीमराव आंबेडकर १९५६ सालीं ह्या दिवशीं दिल्लीस वारले, व दुसऱ्या दिवशीं जवळच्याच चौपाटीवर त्यांचा अंत्यविधि झाला. ज्यांना ते 'बाबा' वाटतात अशीं लाखों माणसें दरसाल गांवोगांवाहून येतात, मैदानांत मुक्काम करतात, आणि परततांना पुस्तकें घेऊन जातात. त्यांचा धर्ममार्ग निराळा. तरी ज्यानें शिकावयास सांगितलें त्याचें स्मरण शिकूनच करावें, हा धडा आपणही घ्यावा.

आमच्या मंडळींतही असें उदाहरण आहे. रे. नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत प्रभूकडे गेले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' काव्य थोडक्या अध्यायांवर थांबलें होतें. लग्नानंतर पतीपाशीं अक्षरें शिकलेल्या लक्ष्मीबाईंनीं त्यांत ६४ अध्यायांची भर घातली. शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त ह्यांनीं लिहिला. लक्ष्मीबाई १९३६ सालीं वारल्या, आणि १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला. बापानें मांडलेलें काम १९ वर्षांनीं मुलानें शेवटास नेलें.

हें आशेवांचून होत नाहीं. मरण हाच शेवट असता, तर अपुरें काम अपुरेंच राहिलें असतें. पौलानें करिंथकरांस पुनरुत्थानाविषयीं सविस्तर लिहून अखेर हेंच बजाविलें कीं, प्रभूमध्यें केलेला श्रम व्यर्थ जात नाहीं.

परंतु बंधूंनो, बापानें मागें ठेवलेलें सर्वच पुढें चालवावयाचें नाहीं. त्याचा भावकीशीं बांधाचा वाद असेल, तर तो चालविणें हें स्मरण नव्हे; तो मिटविणें हें स्मरण होय. त्याचें कर्ज असेल तर तें फेडावें. घरीं विधवा माता असेल, तर तिला भाकरीबरोबर आदरही द्यावा. प्रभूनें वधस्तंभावरूनही आपल्या मातेची सोय लावली. तो सांजवेळीं घरांत प्रार्थना चालवीत असेल, तर ती एक दिवसही खंडूं देऊं नये.

शेजाऱ्यानें पुन्हा विचारलें, तर त्याला असें घर दाखवावें.