निकाल कशाचा?

अल्बर्ट एलिस हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तरुणपणी कमालीचे बुजरे होते. मुलींशी बोलायचं म्हटलं की जीभच टाळ्याला चिकटायची. वयाच्या १९व्या वर्षी त्यांनी ठरवलं, महिनाभर घराजवळच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की मिनिटभराच्या आत तिच्याशी बोलायला लागायचं. (आज कुणी हा प्रयोग करू नये, तो भाग वेगळा.) शंभरेक जणींशी ते बोलले. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही.

एलिस हा किस्सा आयुष्यभर मजेत सांगत राहिले. जोडीदार मिळाली नाही, पण भीती गेली. आधी धीट होऊ आणि मग बोलू, असं म्हणत ते थांबले नव्हते. बुजरेपण सोबत घेऊनच बाकापर्यंत गेले होते.

१९५५च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली ती कि. मो. फडके यांनी. तिच्यातला एक आग्रह पचायला जड आहे: कृतीला हवे तेवढे कमी गुण द्या, पण त्यांची बेरीज करून माणसाचा निकाल लावू नका. अगदी स्वतःचासुद्धा.

सकाळी शाळेच्या गडबडीत मुलावर खेकसणारा एखादा बाप घ्या. आजपासून आवाज चढवायचा नाही असं त्यानं ठरवलेलं असतं, आणि पावणेआठला मोजा सापडत नाही म्हणून आवाज चढतोच. मग तो म्हणतो, ‘माझा स्वभावच असा आहे.’ आपल्याकडे हेच स्वतःला स्वीकारणं म्हणून खपतं. खरं तर तो हट्ट आहे, आणि त्याची किंमत घरातले बाकीचे मोजतात. दुसरा एखादा बाप ऑफिसात दिवसभर स्वतःला कोसत बसतो, ‘मी बाप व्हायच्याच लायकीचा नाही.’ हा जास्त प्रामाणिक वाटतो. मला तो पहिल्याचाच सख्खा भाऊ वाटतो. एकाला बदलायची गरज दिसत नाही, दुसऱ्यानं बदल आपल्याच्यानं होणार नाही असं ठरवून टाकलंय. काम दोघांचंही वाचलं. आणि एवढं कोसून घेऊनही मुलाच्या कानावर ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द आलेले नाहीतच.

खेकसणं वाईट, यात सूट नाही. पण खेकसणारा कायमचा वाईट ठरला, तर माफी कुणी मागायची? ती संध्याकाळी घरी आल्यावर मागता येते, राग पुरता गेलेला नसतानाही. दप्तर आणि मोजे रात्रीच दाराशी काढून ठेवता येतात. उद्या आवाज पुन्हा चढलाच, तर उद्याची माफी उद्या.